हिरव्या रंगातली बारा घरं

माझ्या बढतीला ना ओळख लागली, ना वशिला. ती हिरव्या रंगाने झाली. ऑफिसात त्या काळी माझ्याइतका सपाट रंग कोणी लावत नसे. नकाशावर पाण्यात कालवलेला रंग पसरवताना कड येऊ द्यायची नाही, ओघळ येऊ द्यायचा नाही, ब्रश उचलायचा नाही. हे मला येत होतं. शहर येत होतं का, ते मला कुठल्याच मुलाखतीत विचारलं गेलं नाही.

खरं तर शहर मला येत नव्हतं. मला एक आळी येत होती. जबलपूरला कांचघरच्या पुढे, लष्करी कारखान्याच्या लांब भिंतीला पाठ लावून बारा घरांची एक रांग होती. तिसऱ्या घरात मी वाढलो. बाबा कारखान्यात फिटर. वर्ध्याकडून आले होते. आळीतली निम्मी माणसं त्याच बाजूची होती. ज्यांची बायकापोरं गावाकडे, असे एकटे कामगार घराघरातल्या पुढच्या खोल्यांत राहत आणि शेवटच्या घरातल्या काकूकडे जेवत. ही काकू माझी नात्याने कोणी नव्हती. तिचा नवरा कारखान्यातच होता, तापाने गेला, आणि तिने खानावळ सुरू केली. मी चौथीत असताना माझी आई गेली. त्या दिवसापासून माझं ताट काकूकडे लागलं, ते मी नोकरीला लागेपर्यंत.

घरांचे कागद कोणाकडेच नव्हते. मागच्या पिढीने मोकळी जागा पाहिली, भिंती उभ्या केल्या, दारात झाडं लावली. कोणी कागद मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. कारखान्याचा भोंगा सगळ्यांना ऐकू येत होता, एवढाच काय तो राहण्याचा पुरावा.

मी मॅट्रिक झालो, ड्रॉइंग शिकलो, नगररचनेच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटलो. चीनच्या लढाईनंतर कारखान्यात माणसं वाढली, शहर फुगलं, आणि सरकारला वाटलं की या फुगण्याला शिस्त लागली पाहिजे. मला दिल्लीला शिकायला पाठवलं. शहर हे एक शरीर आहे आणि बागा ही त्याची फुफ्फुसं आहेत, असं तिथे मला दोन वर्षं सांगण्यात आलं. कारखाना हा कुठला अवयव, ते राहून गेलं. परत आलो तेव्हा मी असिस्टंट प्लॅनर होतो, आणि बाबांना क्वार्टर मिळाल्यामुळे आम्ही आळी सोडली होती. मी बदललो नाही असं दाखवायला दर रविवारी काकूकडे जेवायला जात असे. माणूस बदलल्याशिवाय असं काही दाखवायची गरज पडत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पासष्टच्या लढाईच्या सुमाराला आमच्या ऑफिसात शहराचा विकास आराखडा तयार होत होता. लढाईमुळे एक नियम आला होता. कारखान्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतरात कोणी मोजणीची साखळी टाकायची नाही. शत्रूला काही कळू नये म्हणून कारखाना स्वतःही नकाशावर नव्हता. शहरातली सर्वांत मोठी गोष्ट, जिच्या भोंग्यावर अर्धं शहर उठत होतं आणि जेवत होतं, तिच्या जागी पांढरा कागद होता. तिच्या बाजूची पट्टीही पांढरी. त्या पट्टीत आमची बारा घरं.

मी साहेबांकडे गेलो. साहेब कानपूरकडचे, स्वभावाने गोड. नकाशात मोकळी जागा दिसली की बेचैन होत.

"सर, ही पट्टी मोकळी नाही. इथे घरं आहेत."

"आपने नापा है?"

"मोजायला मनाई आहे, सर. पण माझं लहानपण तिथेच गेलं."

साहेब हसले. "बेटा, बचपन सर्वे में नहीं चढ़ता."

मग त्यांनी मला समजावलं. लोकसंख्येच्या मानाने आपल्या आराखड्यात बागा कमी पडताहेत, वरून शेरा आलाय, आणि ही पट्टी बघ कशी लांब, सरळ, तयार. हिरवी करून टाक. पुढे लोकांच्या हरकती मागवतोच, घरं असतील तर ते लोक येऊन सांगतील. त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. नियम तसाच होता. आराखडा तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा, ज्याचं घर चुकलं त्याने लेखी हरकत द्यायची, घर नकाशावर चढायचं. मी मनाशी म्हटलं, रविवारी काकूला सांगू, ती सगळ्यांकडून हरकती लिहून घेईल. एवढं ठरवलं म्हणजे माझं काम झालं, असं मला वाटलं. मग मी ब्रश भिजवला आणि ती पट्टी हिरवी केली. सांगायला लाज वाटते, पण रंग फार छान बसला.

साहेबांनी तो नकाशा उचलून खिडकीशी नेला. "इसको कहते हैं हाथ," म्हणाले.

त्याच आठवड्यात ब्लॅकआउटचे हुकूम निघाले. काचांना गडद कागद लावा, एक फटही दिसू नये. बाजारातला काळा कागद दोन दिवसांत संपला. आमच्या ऑफिसात मात्र खराब झालेल्या प्रिंटांचा ढीग असे, जाड कागदाच्या, रंग ओघळलेल्या. मी त्यातल्या चारपाच गुंडाळून काकूकडे नेल्या. रविवारची दुपार होती. तिने खळ शिजवून ठेवली होती. आम्ही दोघांनी मिळून खिडकीच्या काचांना दुहेरी कागद लावला. वरचा कागद नेमका आराखड्याचा निघाला, आमच्या बाजूच्या भागाचा.

काकूने हात पदराला पुसले आणि जवळ येऊन पाहिलं.

"हे काय होय रे? आपलं शहर?"

"हो."

"तू काढलं?"

"रंग मी भरलाय."

"मग यात माझं घर दाखव."

हीच ती वेळ होती. मी आठवडाभर हेच सांगायचं ठरवून आलो होतो. पण तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि माझ्याबद्दल इतका अभिमान, की ‘घर यात नाही, आणि ते नसण्यावर रंग मीच लावलाय’ हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना. मी बोट ठेवलं. बोट अगदी बरोबर जागी ठेवलं. त्या बाबतीत मी पक्का होतो.

"इथं."

"हे हिरवं काहून?"

"तुमच्या दारात शेवगा आहे ना, काकू. झाडं आहेत, म्हणून हिरवं."

"बघ," ती म्हणाली, "सरकारनं शेवगा मोजला. मी म्हणत होती ना, सरकार पाहून राहिलं सगळं." आणि आत जाऊन देवाजवळची कुंकवाची कोयरी घेऊन आली. माझं बोट जिथे होतं तिथे तिने एक ठिपका लावला. त्या दिवशी मी झुणका दोनदा मागून घेतला.

पुढच्या रविवारी अकराही घरची माणसं तो ठिपका पाहून गेली होती. काकूने सगळ्यांना सांगितलं, आपल्या पोराने काढलंय, सगळी रांग त्यात आहे. कोणीतरी विचारलं, की ऑफिसच्या फाटकावर नोटीस लागली आहे, हरकत द्यायची का. काकू म्हणाली, हरकत कशाची, घर तर कागदावर आलं. तीस दिवस असेच गेले. शहरातून पुष्कळ हरकती आल्या. एका वकिलाने आपल्या गोठ्यासाठी तीन पानांची हरकत दिली आणि तो गोठा नकाशावर चढला. आमच्या आळीतून एकही आली नाही. उलट तिथे एक वेगळाच प्रकार सुरू झाला. ज्यांच्या दारात झाड नव्हतं त्यांनी लिंब लावला, कढीपत्ता लावला, एकाने तर भिंतीलगत केळी लावल्या. हिरवं असलं म्हणजे घर नीट चढतं, अशी तिथे समजूत झाली होती.

मी हे सगळं रविवारी पाहत होतो आणि पोळी खात होतो.

बाबांना काय झालंय ते थोडं कळलं असावं. एकदा ते म्हणाले, "आमच्याकडे एक सूत चुकलं तर माल परत येतो. तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "आमच्याकडे दुरुस्तीची तरतूद आहे."

"मग करून राहिला का?"

मी म्हणालो, योग्य वेळी करू. बाबांनी भोंगा झाल्यासारखी मान हलवली आणि डबा उचलला.

आराखडा मंजूर झाला. काकूने तो कागद लढाई संपल्यावरही काढला नाही. जबलपूरच्या उन्हात तेवढाच आडोसा. दर दसऱ्याला आळीतले कामगार आपापली हत्यारं मांडून पूजा करत, पाने, कानस, मोजपट्टी. काकू चूल पूजायची, पाटावरवंटा पूजायची, आणि मग खिडकीपाशी जाऊन त्या ठिपक्याला हळदकुंकू लावायची. घराचा सरकारी कागद म्हणून. हिरवा रंग उन्हाने उडत गेला, ठिपका दरवर्षी ताजा होत गेला.

माझंही बरं चाललं होतं. आराखड्याच्या कामाची दखल घेतली गेली. शहराच्या कडेला, कारखान्याच्या बाजूने, एक लहान नगरपालिका होती. तिचं नाव लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढं पुरेसं आहे. तिला मुख्याधिकारी हवा होता. शहर समजणारा, आराखडा हातात घेऊन तो जमिनीवर उतरवणारा तरुण माणूस. साहेबांनी माझं नाव सुचवलं. अशा रीतीने मी एका लहान गावाचा प्रमुख झालो. मला खुर्ची मिळाली, जीप मिळाली, दारावर चपराशी मिळाला. आणि हद्दीच्या नकाशावर पाहिलं तर ती हिरवी पट्टी माझ्याच हद्दीत होती.

तरी मी काही केलं नाही. पट्टी हिरवी असून तिथे घरं आहेत, आणि कागद काही म्हणो, घरं उभी आहेत, तर मुद्दाम कशाला उकरायचं. प्रशासनात याला स्थिती कायम ठेवणे म्हणतात. घरी याला काय म्हणतात ते बाबांनी सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही.

मग बांगलादेशची लढाई झाली. आळीतले लोक त्या दिवसांत दोनदोन पाळ्या करत. काकू पहाटेच्या भोंग्याला चूल पेटवायची ती संध्याकाळच्या पाळीचे डबे भरूनच विझवायची. आपण जिंकलो. पालिकेच्या सभेत ठराव आला की विजयाची आठवण म्हणून जवानांच्या नावाने एक बाग व्हावी. जागेचा प्रश्न निघाला, तेव्हा एका सदस्याने आराखडा उलगडला आणि बोट ठेवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जागा तयार होती. बागेसाठी राखीव, मंजूर, एकही हरकत नसलेली.

मी म्हणालो, "जागेची पाहणी करावी लागेल."

पाहणीला ओव्हरसियर गेला. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘जागेवर काही कच्चीपक्की बांधकामं अनधिकृत आहेत. बरीच झाडं मात्र अगोदरच लावलेली असून बागेस उपयुक्त आहेत.’ त्या केळी आणि ते लिंब. मी अहवालावर सही केली. बारा घरांना नोटिसा गेल्या. ज्या हातांनी लढाईचा माल घडवला ते हात विजयाच्या बागेसाठी आपली घरं मोकळी करणार होते, आणि त्यात कोणालाही काही विचित्र वाटलं नाही. मलाही वाटलं नाही असं दाखवणं मला चांगलं जमलं.

चार दिवसांनी चपराशी आत आला. "एक माताजी बाहेर आहे. घंटाभर झाला. म्हणते, साहेबांना मीच खाऊ घातलंय."

काकू आत आली. बगलेत टॉवेलात गुंडाळलेला कागद होता. ती खुर्चीवर बसली नाही.

"साहेब, मी पटकन सांगते. दुपारचे डबे आहेत."

"काकू, साहेब काय म्हणता."

"दारावर तसंच लिहून आहे," ती म्हणाली. तिने माझ्या टेबलावर तो कागद उलगडला. काचेवरून सोलताना दोन जागी फाटला होता. मधोमध कुंकवाचा जाड थर. "चूक झाली तुमच्या माणसांची. नोटीस आपल्या आळीला आली. मी सगळ्यांना सांगितलं, थांबा, कागद आहे माझ्याजवळ, मी दाखवून येते."

ती मला जाब विचारायला आली नव्हती, माझी चूक दुरुस्त करून द्यायला आली होती. तिला अजूनही वाटत होतं की हा कागद तिच्या बाजूने आहे.

मी तिला सांगितलं. सहा वर्षांनी, पंख्याखाली बसून. हिरवं म्हणजे बाग. घर म्हणजे पिवळं. तुमचं घर यावर कधीच नव्हतं.

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तर मग शेवगा?"

"शेवगा मी सांगितला होता."

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच.

त्या वेळी माझ्यासमोर एक साधा रस्ता होता. फाइलवर एक वाक्य लिहायचं, ‘नकाशा चुकीचा आहे, या जागी घरं होती हे ठाऊक असून मी रंग भरला.’ बारा घरं वाचली असती. माझी खुर्ची गेली असती. मी ते वाक्य लिहिलं नाही. मी त्याऐवजी हुशारी केली. बागेला चौकीदार लागतो, चौकीदाराला खोली लागते. काकूचं घर बागेच्या आराखड्यात ‘चौकीदाराची खोली’ म्हणून दाखवलं, आणि तिला तिथे राहू द्यावं असं लिहिलं. उरलेल्या अकरा घरांना चार मैल दूर प्लॉट दिले, तात्पुरत्या परवान्यावर. ही बातमी द्यायला मी स्वतः जीप घेऊन गेलो. चांगलं काम केल्यावर माणूस जीप घेऊन जातो.

काकू भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं.

"म्हणजे माझंच राहिलं."

"हो, काकू."

"काहून?"

"तुम्ही मला वाढवलं."

"मी एकटीनं?" ती म्हणाली. "पाटी-पेन्सिल पाचव्या घरानं दिली. ताप आला तवा सातव्या घरची बाई बसून होती. चलो, ते जाऊ दे. इथं बागेत जेवायला कोण येईन, सांग. माळी?"

महिन्याभरात ती बाकीच्यांबरोबर निघून गेली. भोंगा जिथे पोचत नाही अशा माळावर त्यांनी पुन्हा भिंती उभ्या केल्या. बाग झाली. भेडाघाटच्या संगमरवरावर उद्घाटनाची पाटी बसली, तिच्यात खालून तिसऱ्या ओळीत माझं नाव आहे. काकूच्या घरात माळ्याची फावडी ठेवतात. शेवगा आहे. त्याला कोणी तोडलं नाही, कारण अहवालात त्याची नोंद होती.

त्यानंतर मला आणखी एक बढती मिळाली, तिच्याविषयी लिहीत नाही.

आता आराखड्याची सुधारणा चालू आहे. नवा नकाशा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला तेव्हा मी ती पट्टी शोधली. ती हिरवीच होती, आणि आता ते बरोबर होतं. खरोखरच तिथे बाग आहे. माझी चूक इतकी नीट अमलात आली होती की ती चूक उरली नव्हती. पण माळावरच्या कुटुंबांचे प्लॉट अजून तात्पुरतेच आहेत. पक्का कागद मागायला गेलं की ऑफिस विचारतं, तुम्हाला कुठून हलवलं होतं, तिथे तुमचं घर असल्याचा पुरावा आणा. नोटिसांवर ‘अनधिकृत बांधकाम’ एवढंच लिहिलेलं, तो पुरावा चालत नाही. मंजूर नकाशावर तिथे कधी कोणी राहिलंच नाही. या पावसाळ्याआधी माळावरची जागाही कशालातरी राखीव होणार, असं काकूच्या कानावर आलं होतं. तिने मला बोलावलं नाही. मीच गेलो. तिच्या ट्रंकेतला तो फाटका कागद मागितला.

"काय करून राहिला आता?" तिने विचारलं.

"हरकत देतो."

"तीस दिवसांची मुदत असते म्हणे," ती म्हणाली, आणि कागद दिला.

गेल्या आठवड्यात सुनावणी होती. मी अधिकारी म्हणून गेलो नाही, रांगेत उभा राहिलो. माझ्या मागे काकू आणि आळीतली चार म्हातारी माणसं होती. माझी हरकत दीड पानाची होती. त्यात ते वाक्य होतं, जे मी तेव्हा लिहिलं नाही, आणि खाली माझी सही, पदासकट, म्हणजे कारवाई कोणावर करायची ते वरच्यांना शोधावं लागू नये. पुरावा म्हणून कुंकू लागलेला कागद जोडला होता. समोर तिशीचा प्लॅनर होता, डोळे हुशार, बोटांना शाईचा डाग. त्याने कागद उलटसुलट पाहिला, कुंकवाचा थर नखाने खरवडून पाहिला.

"या जागी बारा घरं होती असं तुमचं म्हणणं आहे."

"हो."

"आपने नापा था?"

"नाही," मी म्हणालो. "रंग भरला होता."

त्याने कागद पुन्हा सरळ केला. मग त्याने पेन उघडलं आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. मागून काकूने माझ्या शर्टाला हात लावला.

"त्याला सांग, बारा," ती म्हणाली. "सावकाश सांग. आज डबे दुसऱ्या बाईला दिले."